उंच बॉनेटच्या जीपची आरसी आणखी पाच वर्षांसाठी

महिंद्राच्या उंच बॉनेटच्या जीपचं, म्हणजे सीजे-3बीचं, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नूतनीकरण मी ठरावीक क्रमानेच करतो. आधी कागद, मग तेलगळती, मग स्टेअरिंग, मग ब्रेक आणि शेवटी दिवे. क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं. गळती थांबवायच्या आधी ब्रेक लायनर बदलले, तर नवे लायनरही काही दिवसांत तेलात भिजतात. एवढ्या सगळ्यासाठी मुदतीआधी चार महिने हाताशी असलेले बरे, कारण सुटे भाग एका फेरीत मिळत नाहीत.

खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते, पुढे दर वेळी 5 वर्षांची वाढ मिळते. त्यासाठी फॉर्म 25 भरायचा. मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. उशीर झाला तर चारचाकीला दर महिन्याला 500 रुपये जास्तीचे पडतात. 20 वर्षं ओलांडलेल्या हलक्या मोटार वाहनाची फी ऑगस्ट 2025 पासून 5,000 वरून 10,000 रुपये झाली आहे. पर्यावरण कर त्याहून वेगळा. विमा आणि पीयूसी चालू हवेत, एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसवलेली हवी, ई-चलान बाकी नको.

जुन्या जीपचं घोडं बहुतेक वेळा संगणकावरच्या नोंदीत अडतं. हस्तलिखित आरसी असेल तर गाडीची माहिती ऑनलाइन दिसतेच असं नाही. आधी मूळ आरटीओत बॅकलॉग नोंद करून, म्हणजे जुनी कागदी नोंद संगणकावर चढवून, घ्यावी लागते. दिसत असेल तर चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन आणि आसनसंख्या आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. या जीपचं मूळ हरिकेन इंजिन पेट्रोलचं, 2,199 सीसीचं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, म्हणून तर बॉनेट उंच. पुढे अनेक जीपांत डिझेल इंजिन बसलं. ते आरसीवर चढलेलं नसेल तर नूतनीकरणाआधी इंजिन बदलाची मंजुरी घ्यायलाच हवी. बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) असेल तर काढून ठेवा, 2017 पासून त्याला मनाई आहे.

चासी प्रिंट, म्हणजे चासीवर कोरलेल्या नंबराचा कागदावरचा ठसा, घाईत घेऊ नका. नंबरावरचा रंग थिनरच्या फडक्याने उतरवा. गंज असेल तर 400 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. ग्राइंडर अजिबात लावू नका, कारण पंच उथळ असतो आणि एका घासण्यात आकडा जातो. जागा कोरडी करून 6बी पेन्सिल आडवी धरून आकड्यांवर घासा. मग रुंद पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवा, नखाने काठ दाबा, एका झटक्यात उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. 3 आणि 8 यांत शंका वाटली तर पुन्हा घ्या. आकडा उरलाच नसेल तर स्वतः पंच मारणं गुन्हा आहे. त्यासाठी आरटीओची लेखी परवानगी लागते.

आता गळती. मागच्या हबचं सील गेलं की डिफरन्शियलचं (अॅक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं) तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. पुढच्या बंद नकलचं (चाक वळवणाऱ्या, अॅक्सलच्या टोकाच्या सांध्याचं) फेल्ट सील गेलं की चाकाच्या आतल्या बाजूला काळा चिखल जमतो. हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद देणाऱ्या डब्याच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर त्याचा एकच ड्रम असतो. तिथलं आउटपुट सील झिरपलं की दांडी कितीही ओढा, गाडी चढावर सरकते. नुसतं सील बदलून भागत नाही. ब्रीदर (आतली हवा सुटायचं भोक) चोंदलेला असेल तर आतला दाब नवं सीलही फोडतो. तेलाची पातळी दोन्हीकडे बघा. गिअरबॉक्समध्ये साधारण एक लिटर आणि ट्रान्स्फर केसमध्ये दीड लिटर एसएई 90 बसतं. या दोघांमधलं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल ट्रान्स्फर केसमध्ये जातं. एक कोरडं पडतं, दुसरं भरून वाहतं, आणि बाहेरून मात्र साधी गळतीच दिसते.

या हँडब्रेकबद्दल एक गोष्ट तळमळीने सांगतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक निरुपयोगी होतो. शाफ्ट धरलेला असतो, पण डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गाडी घेऊन निघतं. दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावल्याशिवाय खाली शिरू नका.

स्टेअरिंगसाठी पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खीळ). बेअरिंगचा नट चाक जड होईपर्यंत आवळून साधारण एक षष्ठांश फेरा सैल करायचा. किंगपिनला वरून आणि खालून सारख्याच जाडीचे शिम (पातळ पत्रे) काढायचे, नाहीतर अॅक्सल मध्यावरून सरकतो. बेलक्रँककडे (स्टेअरिंगची हालचाल टायरॉडकडे वळवणाऱ्या तरफेकडे) गॅरेजवाल्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवरचा त्याचा बुश झिजला की नवे टायरॉड एंड घालूनही हँडल झटके मारतच राहतं. टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला जितकी आत वळलेली असतात ते अंतर) 1 ते 2 मिलिमीटर ठेवा.

ब्रेकची लाइन एकच आहे. एक व्हील सिलिंडर फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून मी सिलिंडरचे रबर अर्धवट बदलत नाही, चारही चाकांचे आणि मास्टर सिलिंडरचे एकदमच बदलतो. पुढचे व्हील सिलिंडर मागच्यांपेक्षा मोठे असतात. अदलाबदल झाली तर मागची चाकं आधी जाम होतात. हवा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाकडून काढायला सुरुवात करा. पेडलला 12 मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीखाली असल्याने पावसाचं पाणी, चिखल त्याच्यावरच येतो. झाकणाचं वायसर नवं हवं.

दिवे मंद असतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग (चासीशी असलेली विजेची जोडणी) तपासा. रंगवलेल्या मडगार्डमुळे अर्थिंग तुटतं. दिव्यापासून चासीपर्यंत वेगळी तार टाका. ब्रेक लाइटचा स्विच तेलाच्या दाबावर चालतो आणि न सांगता मरतो. एक नवा खिशात ठेवा.

डिझेल असेल तर धूर मोजताना बीएस-4 आधीच्या गाड्यांना मर्यादा 65 हार्ट्रिज युनिट (धुराच्या गडदपणाचं माप). थंड इंजिन घेऊन जाऊ नका. 10–15 किलोमीटर चालवून, तेलाचा एअर फिल्टर धुऊन, मगच नळी लावू द्या. काळा धूर राहिला तर नोझल आणि पंप तपासून घ्या.

काम संपल्यावर लगेच आरटीओच्या तपासणीची तारीख घेऊ नका. 100 किलोमीटर चालवा, त्यात एक घाट असू द्या. मग स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा, ड्रम हाताला सारखेच गरम लागतात का पाहा आणि रात्रभर खाली पुठ्ठा घालून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून राहिलेलं सील कोणतं ते कळतं.