सायनोटाइप, नोंद ६: निळा टिकला

सायनोटाइप म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळा प्रिंट काढायची रीत. तिच्याबद्दलचं गेल्या नोंदीतलं कोडं सुटलं. गच्चीवर प्रिंट छान उमटायचा आणि धुताना ट्रेमध्येच फिका पडायचा. मी कागद बदलत बसले; दोष निघाला पाण्याचा. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. पीएच पट्टीवर ते आठच्या वर गेलं, म्हणजे अल्कलीकडे झुकलेलं. प्रिंटमधल्या रंगाला, प्रशियन निळ्याला, अल्कली सोसत नाही; धुण्याच्या सोड्यात तो पार पिवळा पडतो, तेच इथे हळूहळू होत होतं. आता पहिल्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घालते, शेवटचं धुणं आरओच्या पाण्यात.

रीत जॉन हर्शेलची, १८४२ ची. एका बाटलीत १०० मिलि पाण्याला हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, दुसरीत तेवढ्याच पाण्याला पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम. दोन्ही समभाग, लागेल तेवढंच, कागदाला लावायच्या वेळी मिसळायचं. सायट्रेटच्या बाटलीत बुरशी धरते, म्हणून थोडंच बनवते. मे महिन्यात दुपारी बाराला सहा मिनिटं ऊन पुरलं. पिवळट हिरवा थर करडा, काहीसा पितळी दिसू लागला की उचलायचं.

फेरिसायनाइडचं नाव वाचून आई म्हणाली, "अगं, सायनाइड घरात कशाला?" तिला समजावलं, यातलं सायनाइड लोखंडाने घट्ट धरून ठेवलेलं असतं. पण बोलताना माझ्याच लक्षात आलं: तीव्र आम्ल किंवा जास्त उष्णता मिळाली तर त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, आणि माझी डार्करूम म्हणजे बाथरूम. दोन महिने टॉयलेट साफ करायच्या ॲसिडची बाटली त्याच फळीवर होती! त्याच दिवशी रसायनं कुलपाच्या कपाटात हलवली. लिंबूसत्त्व सौम्य असलं तरी ते फक्त धुण्याच्या पाण्यात. मूळ द्रावणात नाही. बाथरूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने आपली फळी आजच बघा.

उठाव वाढवायला पोटॅशियम डायक्रोमेटचे थेंब घालतात. मी घालणार नाही. त्यातलं षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि घरात लहान भाचा रांगतो. पुढे व्हॅन डाइक ब्राउन, म्हणजे चांदीच्या क्षारांनी तपकिरी प्रिंट काढायची रीत, करायचंय. त्यातल्या सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी होतात ते परवडलं, पण डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. आधी गॉगल आणेन, मग ते.

पुस्तकात ठेवून जाळी पडलेल्या पिंपळपानाचा प्रिंट धुऊन आज नऊ दिवस झाले. शिरा पांढऱ्या स्वच्छ आहेत, निळा पहिल्या दिवशी होता तितकाच गडद.