मॉन्ट्रियलला निघायच्या आधी

पुढच्या शुक्रवारी मी आणि लेक गाडीने मॉन्ट्रियलला निघतोय, न्यू जर्सीतल्या एडिसनहून थांबत थांबत सात तास धरलेत, ऑल्बनीपर्यंतचा रस्ता पाठ आहे पण तिथून वर आय-८७ हायवेने बॉर्डरपर्यंत कधी गेलेच नाहीये. नवऱ्याला सुट्टी नाही, म्हणून लेकीला न्यायला हरकत नाही असं त्याच्या सहीचं पत्र घेतलंय, विचारतीलच असं नाही पण विचारलं तर हातात हवं. आणि ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही खरं, पण सोबत चालू पासपोर्टही लागतो, नुसतं कार्ड घेऊन निघू नका.

आईचं मात्र राहिलं. ती सांगलीहून आलीये, अमेरिकेचा व्हिसा आहे पण कॅनडाचा वेगळा काढावा लागतो आणि तो आम्ही वेळेत केला नाही. फार वाईट वाटतंय मला.

पलीकडे पाट्या किलोमीटरमध्ये, १०० दिसलं की आपले ६२ मैल. मॉन्ट्रियल बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळायचं नाही, जर्सीत हात आपोआप वळतो त्यामुळे याचीच मला जास्त काळजी. स्टॉपच्या पाटीवर तिथे फ्रेंचमधलं 'आरे' लिहितात, खुद्द फ्रान्समध्ये स्टॉपच असतं! मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकने १९७७ साली फ्रेंचसाठी कायदा केला आणि तो नेटाने राबवला, आपल्याकडे दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी किती वर्षं भांडतोय आपण, म्हणून मला या लोकांबद्दल मनापासून आपुलकी वाटते. तिथे इंग्रजी चालतं बऱ्याच ठिकाणी, तरी सुरुवात फ्रेंचनेच करायची हे पक्कं.

तर रोज रात्री जेवण झालं की तिघी बसतो. बोंझूर म्हणजे नमस्कार, मेर्सी म्हणजे धन्यवाद, सिल व्हू प्ले म्हणजे प्लीज, सगळं देवनागरीत वहीत उतरवलंय, 'बोंझूर'चा झ लेकीपेक्षा आईलाच पटकन जमला. आम्ही शाकाहारी, आणि पुतीनवर म्हणजे फ्राईज आणि चीजवर ओततात ती ग्रेव्ही बहुतेक मांसाची असते, म्हणून 'सां व्हियांद', मांस नको, हे सगळ्यात जास्त घोकलं. बेगल, म्हणजे मध्ये भोक असलेले गोल पाव, मात्र बिनधास्त खाणार, मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात ते.

आईने वाटेसाठी दशम्या करायला घेतल्यात. तिला येता येणार नाहीये तरी वही तिच्याकडेच असते, काल लेकीने चहा आणून दिला तर म्हणाली, मेर्सी गं.