कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

तर झालं असं की सेकंड शिफ्ट सुटायला जेमतेम अर्धा तास उरला होता, मी स्टोअरमध्ये स्टॉक टॅली करत बसले होते आणि वॉशिंग सेक्शनकडून एकदम आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले तर आमचा एक हेल्पर, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, दोन्ही हातांनी डोळे दाबून खाली बसलेला. कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं जळजळीत पाणी, एका कॅनमधून दुसऱ्यात ओतताना उसळलं आणि थेट डोळ्यात गेलं. गॉगल होता, पण कपाळावर चढवलेला, कारण त्याची काच इतकी घासली गेली होती की लावल्यावर पुढचं नीट दिसायचंच नाही.

पुढची दोन-तीन मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. एक जण फर्स्ट एड बॉक्स आणायला पळाला, बॉक्स कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर जनरल शिफ्टचे म्हणून संध्याकाळीच घरी गेलेले. एक जण ड्रॉप टाका म्हणून ओरडत होता, दुसरा रुमालाने डोळा पुसायला निघालेला. आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा खास नळ, होता आमच्याकडे, चालूही होता, पण त्याच्यासमोर रिकाम्या खोक्यांची छातीएवढी थप्पी लागलेली. शेवटी मशीनवरच्या काकांनी त्याला बखोटीला धरून हात धुवायच्या नळाखाली नेलं, डोकं आडवं केलं आणि दोन बोटांनी पापण्या ताणून उघड्या धरल्या. तो कळवळत होता, "काका सोडा, सोडा ना" म्हणत होता आणि काका त्याला घट्ट धरून एकच सांगत होते, "नाही रे बाळा, अजून थोडं, अजून थोडं."

डोळा वाचला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं ते हेच, की पाणी किती वेळ मारलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले, कारण काकांना ते सुचलं हे आमचं नशीब, पण काका त्या दिवशी रजेवर असते तर? कॉस्टिकबद्दल मला हे माहीत नव्हतं की ते डोळ्यासाठी बऱ्याच ॲसिडपेक्षा वाईट असतं. ॲसिडने वरचं प्रोटीन गोठतं आणि त्याचा एक थर तयार होऊन ते थोडंफार तिथेच अडतं, कॉस्टिकसारखं अल्कली मात्र पेशी विरघळवत आत आत जात राहतं. म्हणून थांबायचं नाही, निदान १५ मिनिटं तरी वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, आणि तोही पहिल्या सेकंदापासून. आयवॉशसाठी झेड ३५८.१ नावाचं एक अमेरिकन स्टँडर्ड आहे, जगभर बऱ्याच ठिकाणी तेच धरून चालतात, त्यात म्हटलंय की धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत तिथे पोहोचता आलं पाहिजे, वाटेत काही आडवं येता कामा नये, पाणी १६ ते ३८ डिग्रीच्या मधलं असावं (बर्फासारख्या गार पाण्याखाली कोण १५ मिनिटं डोळा उघडा ठेवणार) आणि दर आठवड्याला एकदा तो चालू करून बघायचा. १० सेकंद म्हणजे किती ते मी स्वतः चालून पाहिलं. डोळे मिटून चालले, कारण ज्याला गरज असते त्याला दिसतच नसतं. खोकी नसतानाही मला १० सेकंदांत जमलं नाही.

कायदे वाचायला घेतले तेव्हा वाटलं होतं की बॉक्समध्ये काय काय हवं याची मोठी यादी असेल आणि ती भरली की काम संपलं. तसं नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १५५ नंबरचा करार आहे, १९८१ सालचा, त्याचं १८वं कलम सांगतं की अपघात आणि आणीबाणीला तोंड द्यायची सोय, त्यात पुरेशा प्रथमोपचाराची व्यवस्थाही आली, ही मालकाने करायची. २१वं कलम तर मला फारच महत्त्वाचं वाटतं, सुरक्षेसाठी जे काही करायचं त्याचा खर्च कामगाराच्या अंगावर पडता कामा नये. म्हणजे गॉगल, ग्लोव्हज, बूट यांचे पैसे पगारातून कापणं हे मुळातच चूक. २०२२ मध्ये हा करार संघटनेच्या मूलभूत करारांमध्ये घेतला गेला. ब्रिटनचे प्रथमोपचाराचे नियमही योगायोगाने १९८१ चेच, आणि त्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, आधी तुमच्या कामाच्या जागेचे धोके बघा, माणसं किती, शिफ्ट किती, एकटं कोण काम करतं, हॉस्पिटल किती लांब, आणि त्यावरून सोय ठरवा. अमेरिकेत ओशाने, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याने, जे स्पष्टीकरण दिलंय ते तर थेट मिनिटांत आहे, जिथे गुदमरणं, जोरात रक्तस्राव, विजेचा झटका असे अपघात होऊ शकतात तिथे ३ ते ४ मिनिटांत मदत मिळायला हवी, साध्या ऑफिसात १५ मिनिटांपर्यंत चालेल.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आम्ही इतकी वर्षं वस्तू मोजत होतो, बँडेज किती, कापूस किती. मोजायची होती ती मिनिटं.

बॉक्स उघडला तो किल्ली मिळाल्यावर, दुसऱ्या दिवशी. गॉज पिवळं पडलेलं, चिकटपट्टीचा गोंद वाळून पावडर झालेला, एका बाटलीचं लेबल पुसून गेलेलं त्यामुळे आत काय आहे कुणालाच माहीत नाही, आणि तळाशी पेनकिलरच्या गोळ्यांच्या अर्ध्या स्ट्रिप. गोळ्या मी काढून टाकल्या. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोण आधीच काय औषध घेतंय हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि ब्रिटनच्या मार्गदर्शनातही हेच सांगितलंय की फर्स्ट एड बॉक्समध्ये गोळ्या-औषधं ठेवू नका. त्यापेक्षा हवेत ग्लोव्हज, वेगवेगळ्या मापाची निर्जंतुक ड्रेसिंग, त्रिकोणी बँडेज, कपडे कापता येतील अशी कात्री, सलाइन, तोंडाने श्वास द्यायचा मास्क. आणखी एक, आमच्या बॉक्सवर लाल क्रॉस होता. ते चिन्ह रेड क्रॉसचं आणि सैन्याच्या वैद्यकीय पथकांचं, जिनिव्हा करारांनी संरक्षित केलेलं. प्रथमोपचाराची खूण हिरव्यावर पांढरा क्रॉस अशी असते, ती लावली आता, आणि लांबूनही दिसते.

कुलूप मात्र पहिल्याच दिवशी काढलं. मॅनेजर म्हणाले, "अहो मॅडम, सामान चोरीला जाईल." मी म्हटलं जाऊ दे सर, बँडेजचा रोल गेला तर नवीन आणता येतो. ते ऐकले, हे त्यांचं मी मनापासून मानते.

पण बॉक्सपेक्षा माणूस महत्त्वाचा. आमच्याकडे कागदावर एकच फर्स्ट एडर होता आणि तो जनरल शिफ्टचा. नाइटला कोणी नाही, रविवारच्या ओव्हरटाइमला कोणी नाही, त्याच्या रजेत कोणी नाही. प्रत्येक शिफ्टला निदान दोन तरी हवेत म्हणजे एक रजेवर असला तरी एक उरतो, हे इतकं साधं गणित आहे पण रोस्टर बनवताना ते कोणी मांडत नाही. आणि ट्रेनिंग म्हणजे व्हिडिओ दाखवून सह्या घेणं नव्हे. हात चालले पाहिजेत. आमच्या ट्रेनिंगमध्ये पुतळ्याची छाती दाबायला लावली तेव्हा कळलं की ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे किती दमवणारं काम आहे, धट्टीकट्टी पोरंसुद्धा दोन मिनिटांत घामाघूम झाली आणि म्हणूनच दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. हृदय बंद पडल्यावर सीपीआर (हेच छाती दाबणं) आणि मशीनने हृदयाला द्यायचा शॉक मिळाला नाही तर वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते असं म्हणतात, मग ॲम्ब्युलन्सची वाट बघत नुसतं उभं राहायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. ब्रिटनमध्ये हे सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं पण दरवर्षी उजळणी करा असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे, मला स्वतःला सहा महिन्यांनी भाजल्यावर गार पाणी किती मिनिटं ते आठवेना. २० मिनिटं. टूथपेस्ट, क्रीम काहीही लावायचं नाही, फक्त वाहतं पाणी.

कधी कधी मदतीला धावायचंच नाही, हेही शिकवावं लागतं, आणि हे सांगताना मला फार जड जातं. कुणाला करंट लागला तर आधी मेन स्विच, मग माणूस. टाकीत, खड्ड्यात, गटारात कोणी कोसळलं तर मागोमाग उतरायचं नाही. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये जो इशारा दिला होता त्यात म्हटलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त हे वाचवायला गेलेल्यांचे असतात. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की धोका, आणि तो कमी झालाय हे नाकाला कळत नाही. जोडीदार खाली पडलेला दिसत असताना वर थांबणं माणसाला जमत नाही, म्हणूनच आत जायच्या आधी हवा मोजणं, वर एक माणूस उभा ठेवणं, त्याला दोरीने वर ओढायची सोय करणं हे मालकाने आधी करून ठेवायचं असतं. ऐन वेळी कामगाराच्या हिमतीवर ते सोडणं हा अन्याय आहे.

आता गॉगलचं. रजिस्टरमध्ये आधी लिहिलं होतं, "कामगाराने गॉगल वापरला नाही." मी ते वाचलं आणि मला वाईट वाटलं. त्याने तीन वेळा नवीन गॉगल मागितला होता, मागणीच्या स्लिपा माझ्याच स्टोअरमध्ये होत्या, परचेसला पेंडिंग म्हणून. ती एंट्री मी तशीच ठेवली आणि खाली स्लिपांच्या तारखा लिहिल्या. मग प्रश्न आला की हाताने ओतायचंच कशाला, एक छोटा पंप बसवला तर कॅन कोणाला उचलावाच लागणार नाही. तो बसला. गॉगल ही खरं तर शेवटची भिंत, धोकाच काढून टाकता आला तर सगळ्यात उत्तम.

पोरगा महिन्याभराने कामावर आला. उजेड थोडा खुपतो म्हणतो, पण दिसतं नीट.

आयवॉशसमोर आम्ही पिवळ्या पट्ट्यांचा चौकोन रंगवलाय आणि दर सोमवारी मी स्वतः तो चालू करून रजिस्टरला वेळ लिहिते. कालच बघितलं तर त्या चौकोनात कोणीतरी स्टूल ठेवलेलं. नवीन आलेल्या मुलाचं होतं, त्याला माहीत नव्हतं. रागावले नाही, त्याला बोलावलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हटलं इथून चालत नळापर्यंत ये. तो स्टुलाला अडखळला. मग काकांनी ते स्टूल उचललं आणि त्याला म्हणाले, "परत ये."