२६ जानेवारीला ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेताना: माझा अनुभव

सिडनीत २६ जानेवारीच्या सकाळी भारतीय वकिलातीत झेंडावंदन असतं आणि त्याच दिवशी अनेक कौन्सिलांमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकांमध्ये, नव्या नागरिकांचा शपथविधी. दोन्हींना जायचं ठरवलं तर 'जन गण मन' म्हणताना आपण भारतीय असतो आणि जेवायच्या वेळेला नसतो. अतिशयोक्ती नाही, कायदाच तसा आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ म्हणतं, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. पासपोर्ट कधी जमा करता याच्याशी त्याचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने तो क्षण शपथेच्या शेवटच्या शब्दाला येतो. मंजुरीचं पत्र आलं म्हणून कोणी नागरिक होत नाही.

तारखेचा योगायोग बघण्यासारखा आहे. १९३० च्या २६ जानेवारीला काँग्रेसने पूर्ण स्वराज्य दिन पाळला, म्हणून १९५० ला राज्यघटना त्याच दिवशी अमलात आली. इकडे ऑस्ट्रेलियाचा पहिला नागरिकत्व कायदा लागू झाला तो बरोबर एक वर्ष आधी, २६ जानेवारी १९४९ ला. त्याआधी इथले लोक ब्रिटिश प्रजाजन. पण 'ऑस्ट्रेलिया डे' साजरा होतो तो त्यासाठी नाही. १७८८ ला पहिल्या ब्रिटिश वसाहतीचा प्रमुख आर्थर फिलिप याने सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा रोवला, त्याची ही तारीख. इथल्या मूळ रहिवाशांसाठी तो 'इन्व्हेजन डे', आक्रमणाचा दिवस. १९३८ मध्येच त्यांनी सिडनीत तो शोकदिन म्हणून पाळला होता. एकाच तारखेला एका देशात ब्रिटिश गेल्याचा आनंद आणि दुसऱ्या देशात ते आल्याचा. मला हे पचायला जड गेलं, त्यामुळे तारखेचं आधी सांगतो.

शपथविधीची तारीख कौन्सिल ठरवतं, पण ती आपल्यावर लादलेली नसते. जमणार नसेल तर कळवायचं, पुढच्या खेपेचं पत्र येतं. फक्त मंजुरीपासून १२ महिन्यांच्या आत शपथ व्हायला हवी, नाहीतर मंजुरी रद्द होऊ शकते. काही कौन्सिलांनी २६ तारखेचा कार्यक्रम बंद केला आहे. २०१७ ला मेलबर्नच्या यारा आणि डेअरबिन कौन्सिलांचा शपथविधीचा अधिकारच त्यापायी केंद्र सरकारने काढून घेतला होता. डिसेंबर २०२२ पासून नियम सैल झाला: २६ च्या आधी किंवा नंतर तीन दिवसांत कधीही घेतला तरी चालतो. शिवाय १७ सप्टेंबरला नागरिकत्व दिन असतो, त्या सुमारासही कार्यक्रम होतात. मन खात असेल तर सप्टेंबर मागून घ्यावा, हवाही बरी असते.

आता अर्ज. चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर (पर्मनंट रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहण्याचा व्हिसा). चार वर्षांत एकूण १२ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त नाही. आपली माणसं चुकतात ती दुसऱ्या आकड्यात. दिवाळीची चार आठवड्यांची सुट्टी लक्षात राहते, पण त्याच वर्षी आईवडिलांच्या आजारपणासाठी झालेल्या दोन फेऱ्या मोजायच्या राहून जातात. पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून कागदावर बेरीज करावी. फी साधारण १ जुलैला वाढते, म्हणून जूनमध्ये पात्र होत असाल तर अर्ज लगेच भरून टाकावा.

माझा अर्ज अडला तो मधल्या नावापाशी, आणि मराठी घरांत हे हमखास होतं. भारतीय पासपोर्टवर आडनाव आणि 'गिव्हन नेम्स' असे दोनच रकाने. आपण दुसऱ्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका दमात लिहितो. इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर त्यातलं दुसरं नाव गळतं किंवा एका अक्षरापुरतं उरतं. जन्मदाखल्यावर तर कित्येकदा नावच नसतं, नुसतं 'मुलगी'. लग्नानंतर पहिलं नावही बदललेल्या बायकांची कागदपत्रं दोन वेगळ्या व्यक्तींची दिसतात. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहायचं आणि 'पूर्वीची नावं' या रकान्यात प्रत्येक रूप टाकायचं. दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र. दोन्ही नसतील तर ते आधी गावाकडून मिळवावे.

दुसरी अडचण फॉर्म ११९५ ची, म्हणजे ओळखीच्या हमीपत्राची. सही करणारा ऑस्ट्रेलियन नागरिक हवा, ठरावीक व्यवसायांतला हवा (शिक्षक, नर्स, फार्मासिस्ट वगैरे), वर्षभर तरी ओळखणारा हवा आणि नात्यातला नको. मंडळातले निम्मे मित्र अजून पीआरवर असतात, आणि मेहुणा चालत नाही. फोटोच्या मागे ठरलेलं वाक्य त्याच माणसाच्या हाताने लिहिलेलं लागतं. आपणच लिहून नुसती सही घेतली की अर्ज अडकतो.

नागरिकत्वाच्या परीक्षेचा बाऊ नको. ४५ मिनिटांत २० प्रश्न, १५ बरोबर हवेत. मात्र त्यातले ५ प्रश्न ऑस्ट्रेलियन मूल्यांवरचे असतात आणि ते पाचही बरोबर लागतात. १९ बरोबर आणि चुकलेला एक त्या पाचांतला, तर नापास. ६० वर्षांवरच्यांना परीक्षा नाही.

शपथविधीला पत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं. पत्ता अलीकडे बदलला असेल तर तो आधीच कळवलेला बरा. जानेवारीत कार्यक्रम बहुधा बागेत, उघड्यावर असतो. पैठणी नेसायला हरकत नाही, पण ऊन चाळीस अंशांचं असू शकतं. नोंदणीच्या टेबलावर विचारतात, देवाचं नाव असलेली शपथ की नसलेली. दोन गट करतात, एक गट बसतो, दुसरा उभा राहून अधिकाऱ्यामागून तुकड्या-तुकड्यांनी म्हणतो: ऑस्ट्रेलिया आणि तिथल्या लोकांशी निष्ठा, त्यांच्या लोकशाही श्रद्धांवर विश्वास, हक्कांचा आदर, कायद्याचं पालन. मोठ्याने म्हणायचं, ओठ हलवून भागत नाही. १६ वर्षांखालच्या मुलांना शपथ घ्यावी लागत नाही. राष्ट्रगीत पाठ करत असाल तर जुनं रेकॉर्डिंग नको: २०२१ पासून दुसऱ्या ओळीत 'तरुण आणि मुक्त' जाऊन 'एक आणि मुक्त' आलं आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर खुर्चीवर बसायच्या आधी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तपासा, नंतर दुरुस्तीला वेगळा अर्ज लागतो. लॅमिनेट करू नका. बरीच कौन्सिलं देशी झाडाचं रोप देतात, ते गाडीत विसरलं की संध्याकाळपर्यंत करपतं.

खरी फसगत यापुढे असते. शपथ झाली की पीआर व्हिसा संपतो. भारतीय पासपोर्टवर आता प्रवास करायचा नाही, तो गुन्हा आहे, आणि ऑस्ट्रेलियन पासपोर्ट हातात नाही. त्याला किमान सहा आठवडे धरा. जास्त पैसे भरून लवकर मिळतो, पण त्या भरवशावर फेब्रुवारीतल्या लग्नाचं तिकीट काढू नये. त्यानंतर भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा. तो रद्दचा शिक्का मारून परत देतात आणि सोबत सरेंडर प्रमाणपत्र येतं. त्यावर ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड) अर्ज. तोवर जायचंच असेल तर ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा. फोटो एकाच बैठकीत काढले तरी मापं वेगळी सांगा: ऑस्ट्रेलियन पासपोर्टला ३५ × ४५ मिमी उभा, ओसीआयला ५१ मिमी चौकोनी. ओसीआयच्या अर्जातली सहीची प्रतिमा रुंदीला उंचीच्या तिप्पट हवी, नाहीतर ती अपलोडच होत नाही.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. मत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने सातबाऱ्यावर नाव लागू शकतं. गावच्या मतदार यादीतलं नाव फॉर्म ७ भरून काढायचं असतं, ते फारसं कोणी करत नाही. इकडे मात्र मतदान सक्तीचं आहे, केंद्रीय निवडणुकीत मत दिलं नाही तर २० डॉलर दंड.

दिल्लीचं संचलन साडेदहाला सुरू होतं तेव्हा सिडनीत दुपारचे चार वाजलेले असतात, म्हणजे घरी येऊन चहा होईपर्यंत बरोबर वेळ जमते. महाराष्ट्राचा चित्ररथ दरवर्षी असतोच असं नाही, आधी बघून ठेवा. नसेल तर तेवढ्या वेळात इथल्या मतदार नोंदणीचा फॉर्म भरून होतो.