हप्ता भरण्याआधी 'झोन' बघा

आजची दुपार आरोग्य विम्याच्या पॉलिसीच्या रिन्यूअलचे कागद वाचण्यात गेली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाने त्यातला एक शब्द शोधावाच: झोन, म्हणजे हप्ता ठरवण्यासाठी कंपनीने केलेले शहरं-गावांचे गट. काही पॉलिसींत गावच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण ऑपरेशन मुंबईला झालं की बिलाचा ठरावीक टक्का आपल्या माथी. आणि आपल्याकडचा गंभीर पेशंट मुंबई-कोल्हापूरलाच हलवतात ना!

मग खोलीभाडं. 5 लाखांच्या विम्याला 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5000 ची मर्यादा असेल आणि खोली 8000 ची घेतली, तर बहुतेकदा नुसते वरचे 3000 जात नाहीत. डॉक्टर, नर्सिंग, थिएटरचे 80,000 झाले तर 8000 ला 5000 याच प्रमाणात 50,000 च मिळतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना ही कात्री नाही. म्हणून भरती होतानाच काउंटरवर मर्यादेतली खोली मागा.

हप्ता 24,000 असेल तर महिन्याला 2000 बाजूला काढा. बागायतदारांनी आंब्याचे पैसे हातात आले की एकदमच काढावेत, आगोटीची बेगमी, शाळेची फी यांच्या आधी. वैयक्तिक पॉलिसीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही, पावतीत तेही तपासा.