बाबांची चेतक

शनिवार, रात्री साडेदहा

गेल्या रविवारच्या व्याख्यानाचा निकाल आज लागला. वाचनालयात 'मी म्हणजे कोण?' या विषयावर बोललो होतो. सुरुवातीला एक विनोद, मग चाळीस मिनिटं देह, आत्मा आणि स्मृती, शेवटी आणखी एक विनोद. प्रश्नोत्तरांत एकच हात वर झाला होता : "सर, पंखा जरा वाढवता येईन काय?" आज सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर श्रोत्यांतले एक काका भेटले. "तुमचा तो बायकोचा जोक मस्त होता," म्हणाले. विषय काय होता ते त्यांना आठवेना. रागावणार तरी कोणत्या तोंडानं, मलाही तो विनोद चिकटवलेलाच वाटला होता.

दुपारी बाबांची चेतक स्कूटर घेऊन नागपुरातल्या महाल भागात मिस्त्रीकडे गेलो. पुन्हा क्लच प्लेट. शेडमध्ये बसल्या बसल्या हिशोब केला : इंजिन एकदा बदललं, चाकं दोनदा, सीट, हँडल, हेडलाइट, सगळं नवं. रंगही मूळचा नाही. सहज म्हणून गेलो, "आता यात बाबांचं उरलं काय?"

मिस्त्रीनं पाना पुसत मान वर न करता सांगितलं, "आरसी बुक."

आम्ही हसलो. तेवढ्यात खाली बसलेला पोट्टा म्हणाला, "अन् किक माराच्या आधी गाडी कलती कराची सरांची सवय. ते बी बाबांचीच असन."

ते खरं आहे. बाबा तसंच करायचे, आणि मी तसं करतो हे मला आजवर जाणवलंच नव्हतं.

बाकावरचा एक गिऱ्हाईक आता रंगात आला. कोपऱ्यातल्या भंगाराकडे बोट दाखवून म्हणतो, "काऊन भाऊ, सरांचे निघालेले सगळे जुने पार्ट जोडून तू दुसरी चेतक उभी केली, तं बाबांची गाडी कोणती?" मी हातातला चहा खालीच ठेवला. अथेन्सच्या लोकांनी त्यांच्या पुराणातल्या वीराचं, थीसियसचं जहाज जपलं, कुजलेल्या फळ्या बदलत गेले, आणि जहाज तेच राहिलं का यावर तत्त्वज्ञ भांडत बसले, ही ग्रीक चरित्रकार प्लुटार्कची गोष्ट. जुन्या फळ्या गोळा करून कोणी दुसरं जहाज बांधलं तर काय, हा फाटा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जनं १६५५च्या ग्रंथात फोडला. इथं तो महालात, ग्रीसच्या डब्याशेजारी, आपोआप फुटला होता. मिस्त्रीचं उत्तर तयार : "तिले पासिंग कोण देईन?"

घरी येऊन 'मिलिंदप्रश्न' हा जुना बौद्ध ग्रंथ काढला. दीक्षाभूमीबाहेरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून कधीतरी घेतलेली प्रत, पानं पिवळी पडलीत. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. तो भिक्खू नागसेनाला छेडतो : केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? नागसेन प्रत्येकाला नाही म्हणतो. मग नागसेनच उलट चिमटा काढतो : महाराज, तुम्ही नाजूक राजपुत्र, भरदुपारी तापलेल्या वाळूतून पायी आलात तर पाय पोळले असतील, आलात कसे? रथानं. मग आस म्हणजे रथ का? चाकं? जू? प्रत्येक वेळी नाही म्हणत राजा शेवटी स्वतःच कबूल करतो की या सगळ्यांमुळे 'रथ' हे नुसतं नाव चालतं. मे महिन्यात नागपुरात अनवाणी चार पावलं टाकलेल्या माणसाला त्या वाळूची थट्टा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि 'नुसतं नाव चालतं' म्हणजे दुसरं काय, आरसी बुकच. दुपारी मिस्त्री गंमत करत होता असं मला वाटलं, पण ते तर थेट उत्तर होतं. माझ्या व्याख्यानातले विनोद कडू गोळीवरच्या साखरेसारखे होते; लोकांनी साखर चाटली नि गोळी थुंकली. इथे हसू आलं तेव्हा प्रश्न पोटात गेलेला होता.

आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबा, जन्म १८७६, शेंडगावचे, कीर्तनात हेच करत. कर्ज, दारू, नवसाचं बकरं, काहीही असो, लोकांनाच प्रश्न विचारायचे. उत्तर देता देता माणूस स्वतःवर हसायचा. गाडगेबाबांना पाठ्यपुस्तकात बसवताना आपण त्यांच्या हातात झाडू तेवढा ठेवला, हसवणं काढून घेतलं.

वाचनालयवाले पुढच्या महिन्यात परत बोला म्हणतात. मिस्त्रीला सोबत न्यावं काय? तो येणार नाही, रविवारीच त्याचा धंदा असतो.

संध्याकाळी गाडी आणायला गेलो तर बिलावर बाबांचं नाव. "वहीत तेच हाय," मिस्त्री म्हणाला, "अन् तुमच्या आरसीवर बी." हो, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली तरी गाडी त्यांच्याच नावावर आहे. सोमवारी आरटीओत जायचं ठरवलंय. मागच्या वर्षीही ठरवलं होतं.