तुम्ही विचारलंत म्हणून: मिक्सर रिपेअरशी महापालिकेचा काय संबंध?

रिपेअरिंगचं दुकान म्हटल्यावर गिऱ्हाईक बसल्याबसल्या हे विचारतंच, की रस्ते-पाणी सोडून आता महापालिकेने आमचे मिक्सर पण दुरुस्त करायचे का. नाही हो, दुरुस्त करणारा माणूस शहरात टिकेल एवढं बघितलं तरी खूप झालं.

व्हिएन्ना शहराने सप्टेंबर २०२० मध्ये रिपेअरचं कूपन काढलं, ऑनलाइन घ्यायचं, यादीतल्या दुकानात द्यायचं, निम्मं बिल शहर भरणार, जास्तीत जास्त १०० युरो. २०२२ मध्ये ऑस्ट्रिया सरकारने देशभर तसंच सुरू केलं, २०० युरोपर्यंत. मग आपल्याकडे पण आणा म्हणतात. मला नाही पटत. तिकडे कारागिराची मजुरीच एवढी की लोक सरळ नवीन मशीन घेतात, म्हणून कूपन. इथे मिक्सरचा कपलर (भांडं मोटरला जोडणारा तुकडा) नाहीतर कार्बन (मोटरमधले ब्रश) बदलायला असे कितीसे पैसे लागतात? महाग आहे ती जागा. पुण्याच्या तापकीर गल्लीत पार्ट मिळतो पण तो बसवणारा भाडं परवडेना म्हणून पार कुठेतरी लांब गेलाय, आणि फुटपाथवर बसला की अतिक्रमणची गाडी आलीच, टेस्टर-पक्कडीसकट सगळं उचलून नेतात.

खरं म्हणजे २०१४ चा फेरीवाला कायदा नुसता भाजी-वडापाववाल्यांचा नाहीये, रस्त्यावर सेवा देणारा पण त्यात येतो, म्हणजे कुकर-मिक्सरवाल्याला सर्टिफिकेट आणि जागा देता येते. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के फेरीवाल्यांचेच प्रतिनिधी लागतात, तिथे आमच्यातला एखादा असला तर विषय तरी निघेल. शिवाय मंडईत, शॉपिंग सेंटरात पालिकेचे गाळे कुलूप लावून पडलेले असतात, त्यातला एक वॉर्डात कमी भाड्याने रिपेअरला द्या, बोर्डवर मजुरीचे रेट लिहायची अट घाला, आम्ही लिहू.

आणि ई-कचरा गोळा करता ना, त्यातल्या वॉशिंग मशीनची मोटर जळलेली असते पण ड्रेन पंप, दरवाजाचं लॉक धडधाकट असतं. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे जुनं मशीन नीट करून विकणाऱ्याला नोंदणी लागते, अगदी छोट्या (सूक्ष्म) उद्योगाला ते नियम लागू नाहीत, पण मोठं काम करायचं तर एकट्या माणसाला ते पोर्टल-बिर्टल झेपत नाही, पालिकेने स्वतःच्या नावावर एक सेंटर काढून तिथे आम्हाला बसवावं.

इन्व्हर्टर एसीची पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) गेली की मात्र वॉर्ड ऑफिस काय करणार, कंपनीने सुटा पार्ट द्यायचा की नाही हे दिल्लीत ठरायचं.